मिठाच्या पाण्याचा ट्रे

अंड्याची बोथट बाजू वर.
आधी कापसानं स्पिरिट,
मग दिव्यावर धरायचं.
वर हवेची रिकामी खोली,
खाली काळंभोर कुणीतरी
पाय दुमडून बसलेलं.

अठराव्या दिवशी आत जागा उरत नाही.
अठराव्या दिवशी आम्ही त्याला जेवायला घालतो.

"हात हलका, शालन," डॉक्टर चौगुले सांगतात,
"सुई पिल्लाला नाही, पिल्लाभोवतीच्या पाण्यात."
अर्धा मिली. साखर, प्रथिनांचं सत्त्व, चिमूटभर जीवनसत्त्वं.
फुटून बाहेर येण्याआधी ते पाणी
ते घोट घोट पिऊन टाकतं.
भोकावर मेणाचा ठिपका.
झालं. पुढचं.

हालोंडीच्या हौसाक्काला सांगितलं तर
पदर तोंडाला लावून हसली.
"आमची खुडूक एकवीस दिस डालग्यात बसती,
तिनं कवा सुई मारली व्हय गं?"
मग जरा थांबून,
"पर दोन-चार अंडी कायम गार पडत्यात.
त्यांचं कुणी बघितलंय."

रस्त्यापलीकडं फाउंड्रीत
नवरा चौदाशे अंशांचं लोखंड ओततो,
पाच-पंचवीस इकडंतिकडं चालतं म्हणतो.
माझ्याकडं साडेसदतीस.
एक अंश चढला तर पिराजी धावत येतो,
मशीनची दारं उघडतो, देवाचं नाव घेतो.
सोमवारी शिरोलीची सगळी वसाहत बंद.
अंड्यांना सोमवार नसतो.

पाच नंबरच्या ट्रेला काही नाही.
सहाला खाऊ.
सातला नुसतं मिठाचं पाणी.
टोचायचं तसंच, मेण तसंच.
फरक खाऊनं पडला की सुईनं, ते कळायला
कुणालातरी नुसती सुई खावी लागते.
पटलं. हिशेब बरोबर आहे.
हात मात्र सातव्या ट्रेपाशी
उगाच एकदा हातमोजा सारखा करायचा.

माझ्या वेळी अंगणवाडीच्या ताईनं
लोखंडाच्या गोळ्या दिलेल्या.
वास यायचा.
उशीखाली ठेवल्या,
विचारलं की घेतल्या म्हणायची.
पोर झाली ती पावणेदोन किलोची,
सीपीआरला अकरा दिवस काचेच्या पेटीत,
वर पिवळा दिवा.
मी बाहेरून बघायची,
आत्ता बघते तशीच.

दोन्ही बाटल्या सारख्याच नितळ.
डावीकडची उचलली असती
तर वहीला कळलं नसतं, डॉक्टरांना कळलं नसतं.
उजवीकडचीच उचलली.
तीसच्या तीस अंडी.
घरी जाऊन पोरीला दोन वेळा जेवायला वाढलं,
"आई, पोट भरलंय," म्हणाली तरी.

एकविसाव्या दिवशी पहाटे
पेटीतून पावसाळी बेडकांसारखा नाही,
चिल्लर सांडल्यासारखा आवाज.
सहा नंबर भारी निघाला,
सरासरी दीड ग्रॅमनं.
डॉक्टर खूश. पिराजीनं भजी आणली.
सहा आठवड्यांनी सगळी एकाच टेम्पोतून जाणार,
ते त्या दिवशी कुणी बोललं नाही.

सातमधलं एक
सगळ्यांच्या आधी टरफल फोडून
ओलंचिंब, वाकडी मान, उभं होतं.
आधी कोण आलं,
याला वहीत रकाना नव्हता.
मी काट्यावर ठेवलं.
अडतीस ग्रॅम, लिहिलं.