पहिली फेरी

आमच्या बेटावर कपाची फक्त पहिली फेरी येते.
दुसरी कशी दिसते
हे स्कार्व्हॉयमध्ये कुणालाच ठाऊक नाही.
चिठ्ठी निघते, आणि कुठलातरी मोठा क्लब
नकाशावर बोट फिरवत आम्हाला शोधत बसतो.

यंदा ते आले शनिवारी, अकराच्या फेरीनं.
बोटीचा दोर मीच झेलला, खांबाला गुंडाळला,
त्यांच्या बॅगा उतरवल्या, चौतीस,
आणि घरी पळत जाऊन हातमोजे बदलले.
त्यांच्या प्रशिक्षकानं मला गोलपोस्टमध्ये पाहिलं
आणि पुन्हा एकदा पाहिलं.

मैदानाच्या एका अंगाला चर्च,
उरलेल्या तिन्ही बाजूंना लाकडी मांडव;
त्यांवर कॉड मासे, शेपटीशी जोडीजोडीनं बांधलेले,
फेब्रुवारीपासून वारा खात लटकलेत.
मुंडकी नाहीत, पण प्रेक्षक शिस्तीचे.
माणसं म्हणाल तर दोनशे सहा,
धरून ओडनी मावशी, जी दारावर तिकिटं फाडते
आणि मध्यंतरात सूपही तीच वाढते.

सकाळी फावडी घेऊन आम्ही माझ्या पोस्टपुढचा बर्फ काढला.
समोरचा तसाच राहिला.
नाहीतरी तिकडे कोण जाणार होतं.
मध्यंतरानंतर बाजू बदलतात
हे आयलर्टला आठवलं, तेव्हा शिट्टी वाजली होती.

मी नऊ खाल्ले.
चार त्या एकट्या लिबानचे. वय एकोणीस, ऑस्लोचा पोरगा,
बर्फाला कळायच्या आत पाऊल उचललेलं.
आठ गोलांचं मला काही नाही.
पाचवा पायांच्या मधून गेला.
तो तेवढा सलतो.

आमचीही एक संधी होती.
सिगफिन मास्तरांनी डोळे मिटून मारलेला चेंडू
आडव्या दांड्यावर आपटून मांडवात शिरला,
बारा-तेरा मासे खाली आले,
आणि दोनशे सहा माणसं अशी ओरडली
की पंचानं घड्याळ पाहिलं.
मांडवाची ती वाकडी काठी अजून कुणी सरळ केलेली नाही.

सहाला वारा फिरला, वायव्येकडून.
कप्तानाचा फोन: संध्याकाळची फेरी रद्द.
त्यांना सांगायचं मी.
नऊ खाल्लेल्या माणसानं जिंकलेल्यांच्या खोलीत जायचं,
त्यांच्या गाण्याच्या मध्येच,
आणि म्हणायचं, आज घरी जाता येणार नाही.
खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

प्रशिक्षक पाद्रीबाईंकडे. सहाजण शाळेच्या व्यायामशाळेत, गाद्यांवर.
लिबान माझ्या वाट्याला आला.
माझी रूना दहा वर्षांची, मोसमात कॉडच्या जिभा कापून विकते;
तिनं सुरी त्याच्या हातात दिली, म्हणाली, असं.
तीन जिभांत त्यानं बोट कापून घेतलं.
ती म्हणाली, पायांनी करून बघ.

रात्री अकरालाही खिडकीत राखाडी उजेड.
आईशी बोलला तो, मला न येणाऱ्या भाषेत, बराच वेळ.
मग स्वयंपाकघरात आला.
बाहेर काय खडखडतंय?
मासे, म्हटलं. वाळले की लाकूड होतात,
एकमेकांवर आपटतात.
तो बसला. माझ्या बोटांकडे पाहत राहिला,
दोरानं वाकवलेल्या.
मग हळूच:
तो पाचवा.
मला उजव्या कोपऱ्यात मारायचा होता.
पाय घसरला.

मी इतका हसलो की वर रूना जागी झाली.

सकाळी समुद्र असा, जणू त्यानं काही केलंच नाही.
रूनानं त्याला पाव किलो जिभा बांधून दिल्या
आणि पैसे पूर्ण घेतले.
चौतीस बॅगा चढवल्या, त्यातली एक त्यानंच उचलली.
इंजिनाच्या आवाजात तो काहीतरी ओरडला,
मला ऐकू आलं नाही, मी हात केला.

दोर सोडला. हात झटकले. घरी आलो.
रविवारी माझी पाळी
पहिल्या फेरीपुरतीच असते.