हत्तू

अर्जात मासा कुठल्या रकान्यात घालायचा
हे खानापूरच्या कचेरीत कुणालाच ठाऊक नव्हतं.
पाणलोटाच्या यादीत चर होते, बांध होते,
करंजाची रोपंसुद्धा होती, नगावर.
मासा नव्हता.

अर्ज मीच लिहिला, कन्नडमधून,
शाळेत शिकलेल्या, वापराविना गंजलेल्या.
'चढणीचे मासे'पाशी पेन अडलं.
गंगव्वा शेंगा फोडत होती, मान वर न करता म्हणाली,
'हत्तू मीन.'
मला आधी हत्तीच ऐकू आला.
मग हसू आवरत तिनं दोन्ही पंजे उघडून दाखवले :
हत्तू म्हणजे चढ,
आणि हत्तू म्हणजे दहा.

बंधारा आमच्याच गावानं मागितलेला.
पेढे वाटले होते त्याचे.
त्याचा सिमेंटचा उंबरा कमरेएवढा.
व्हळ भरून चालला की मलप्रभेतून वर आलेली मासळी
गाभोळीनं फुगलेलं पोट घेऊन
त्यावर डोकं आपटायची,
वळायची, पुन्हा आपटायची.
आणि खाली आम्ही, टोपल्या लावून.
मीही. खोटं कशाला बोलू.
शट्टुप्पाच्या घरातलं शिलाई मशीन
त्या टोपल्यांतूनच वर आलंय.

सभेला बावीस माणसं, त्यातली चार चहाला आलेली.
भरमाण्णा उठला :
'माशाला पायऱ्या बांधताय,
माझ्या म्हातारीला न्हाणीत उतरायला एक पायरी नाही.'
खरं होतं. कुणी बोललं नाही.
पंखा तेवढा कुरकुरत राहिला.

कचेरीचं उत्तर यायच्या आधी दगड यायला लागले.
शट्टुप्पाच्या ट्रॅक्टरच्या दोन खेपा, डिझेल त्याचंच.
मकतुमसाबनं पडक्या गोठ्याचा चौथरा उकरून दिला.
मष्णू गवंडी म्हणाला, मजुरी नको,
चहा वेळेवर द्या. तो एकदाच वेळेवर गेला.
पहिला दगड उरला तो त्यानं
कुणाला न विचारता भरमाण्णाच्या न्हाणीत बसवला.
वरच्या डोहातली वाळू काढणार नाही म्हणून
सह्या झाल्या, अंगठे झाले.
दोघांनी केली नाही. त्यांची नावं
मी इथंही लिहिणार नाही.

नऊ पायऱ्या बसल्या. दहावीचा दगड फुटला.
गंगव्वानं आपला पाटा आणून टाकला,
'मिक्सर आहे की आता.'
वरवंटा मात्र दिला नाही.

मग त्या रात्री छत्र्या, खोळी, बॅटऱ्या,
आणि कधी नव्हे ती एवढी माणसं गप्प.
चौथ्या पायरीच्या खळग्यात
एक खडस दम खात थांबलेला,
अंगठ्याएवढे खवले उजेडात तांबूस.
मागून कुणीतरी अगदी हळू म्हणालं,
'हत्तू.'
कुणाच्या घरची भाषा होती, ओळखू आलं नाही.

पाणी गढूळ झालं.
सकाळी शाळेच्या जुन्या वहीत मष्णूनं
तारीख घातली, खाली लिहिलं :
एक. बहुतेक.