दीड व्होल्ट

लिहिताना कीगली, म्हणताना कीथली,
या गावानं नावातच पहिला चकवा ठेवलाय.
आमच्या गल्लीच्या टोकाला ॲक्रॉइडचं गॅरेज,
आत अडुसष्टची मॉरिस मायनर,
रंग दुसऱ्या दिवशीच्या वाटाण्याच्या उसळीचा.

"बॅटरी गेली," तो म्हणाला. ही तिसरी.
आधी मोटरही बदलून झाली होती.
आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी, मी मनात म्हटलं.
मोठ्यानं म्हटलं, "चावी फिरव."
इंजिन कुथलं,
एक वेढा, अर्धा वेढा,
थांबलं.
मी वाकून स्टार्टरच्या नटाला बोट लावलं
आणि थेट आईच आठवली.
बाकी सगळी गाडी नोव्हेंबरसारखी गार.

बाबा किर्लोस्करवाडीत फिटर होते.
बंद पडलेल्या यंत्राला ते आधी हात लावत,
हत्याराला नंतर.

मग मी मीटर काढला,
बसडेपोतून माझ्यासोबत निवृत्त झालेला,
काचेला चीर, काटा मात्र सरळ माणसासारखा.
इंजिन फिरताना बॅटरीवर दहा पूर्णांक चार.
मोटरवर आठ पूर्णांक सहा.
म्हणजे मधल्या हातभर वाटेत
कुठंतरी वीज मुरत होती.

एकेक सांधा विचारत गेले.
बॅटरीची पकड: काही नाही.
सांगाड्याला जाणारी पट्टी
(या गाड्यांत अधिक टोक जमिनीला, सगळं उलटं,
पण उलट्याचीही सवय होते): काही नाही.
सोलेनॉइड: थोडं, वयाला साजेसं.
शेवटी एक टोक मोटरच्या बोल्टवर,
एक वायरच्या तांब्याच्या लगवर.
दोघं एकमेकांवर घट्ट बसलेले,
मध्ये सिगारेटचा कागद जाणार नाही.
"फिरव."
काटा उठला आणि दीडावर जाऊन बसला.

बॅटरी सोडवली. नट काढला.
लगच्या खाली, वॉशरच्या खाली,
जळून तपकिरी झालेलं, कडेला अजून लाल
काहीतरी.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो कपातल्या चहाकडे.
"मोरीन टॉर्च धरायची," म्हणाला.
"मी नट आवळला की ती त्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्यायची.
म्हणजे हा झाला. पुढचा."
बाटली शेल्फवरच होती, स्पार्कप्लगच्या डब्याशेजारी,
तळाशी काकवीसारखं उरलेलं.
दोन वर्षं तो एकटाच आवळत होता
आणि एकटाच ठिपके देत होता.
हात थरथरायचा. ओघळायचं.
कधी नट बसवायच्या आधीच.

नेलपॉलिशमधून वीज जात नाही
हे मी त्याला सांगितलं नाही.
चाळीस वर्षं मोटारी गुंडाळायच्या कारखान्यात होता तो.

"घासू?"
बराच वेळ काही बोलला नाही, मग मान हलवली.
सँडपेपर फिरवला, खरवड उडाली,
तांबं उघडं पडलं, चिंचेनं घासल्यासारखं.
बोल्टही. वॉशरही, दोन्ही बाजूंनी.
वरून व्हॅसलिनचा पापुद्रा.
पान्यावरून हात काढते न काढते
तोच तो बाटली घेऊन उभा.
"फक्त वरून," मी म्हटलं.
"वरून," तो म्हणाला.
मी टॉर्च धरला.

पहिल्या झटक्यात लागली.
बंद केली, पुन्हा लावली, दहा वेळा,
शेजारच्या खिडकीतला पडदा हलेपर्यंत.
मग आम्ही आळीपाळीनं नटावर बोट ठेवून मोजलं,
मी मराठीत, तो यॉर्कशरच्या इंग्रजीत.
कोमट.
आंघोळीच्या पाण्याइतकंही नाही.
त्याच्या विसात माझे सतराच बसले.

ठिपका अजून वाळला नव्हता.
त्याच्या बोटाला लाल लागलं.
चिंधी माझ्या खांद्यावर होती,
ती त्यानं मागितली नाही.