काहून

फॉर्मवर तेवीस रकाने आहेत.
नाव, वय, वजन, सहा महिन्यांत कावीळ झाली होती का,
शेवटचं जेवण किती वाजता.
काहून आलात, हा रकाना नाही.
तरी लोक सांगतात.

वरुडच्या अलीकडं, संत्र्याच्या पट्ट्यात,
झेडपीच्या शाळेतला पाचवीचा वर्ग. बाकं भिंतीला लावलेली,
फळ्यावर कालचा लसावि तसाच.
मी बोटानं शीर चाचपतो
आणि माणूस छताकडं बघत बोलायला लागतो.

कवडू निखाडे म्हणाला, भोंग्यावर नाव घेतलं सरपंचानं,
आता न येऊन सांगता कोनाले.
गणपत बोंद्रे रात्री दारू गाळतो. म्हणाला,
एखादा हिशेब इकडूनबी असू द्या.
दोन पोरं फोटोसाठी आली, त्यातलं एक चक्कर येऊन पडलं,
उठल्यावर आधी विचारलं, निघाला का?
पिशवी साडेतीनशेला भरते. कोणत्याही कारणानं.

शालिक धुर्वे बोललाच नाही.
त्याच्या शेजारच्या घरी सिकलसेलची पोर,
दर महिन्याला रक्त लागायचं तिला.
लागायचं, असं म्हणाली आशाताई,
आणि कापसाचा बोळा उगाच दुसऱ्यांदा भिजवला.

मग पंचफुला उईके.
वय? "लिहा तुमच्या मनानं."
निळ्या पाण्याची बाटली बघून हसली.
"हे तं मोरचूद! झाडाच्या बुडाले लावतो आमी."
हो, तेच. यात तुमचा थेंब सोडायचा.
पंधरा सेकंदांत बुडाला, तर रक्त जड,
तर देता येतं.

तिचा थेंब थोडा खाली गेला
आणि परत वर आला, काही विसरल्यासारखा.

"म्हंजे?"
म्हंजे तुमच्यातच कमी आहे, बाई. गोळ्या देतो.
ती उठली नाही. मागची रांग खाकरली.
"सासऱ्यानं घेतलं, मालकानं घेतलं, पोरायनं घेतलं,
कोनं पाह्यलं नाही जड हाये का हलकं.
आता मी आपल्या मनानं देतो म्हनतो
तं तुमी मोजता?"

मग तिनं वर्ग झाडून काढला. कोणी सांगितलं नव्हतं.
चहाचे कप विसळले, पालथे घातले.
मी दिलेला बिस्किटाचा पुडा टेबलावर ठेवून गेली,
"हा देनाऱ्यायचा हाये."

परतीच्या गाडीत पेटीत एकेचाळीस पिशव्या होत्या.
मी बेचाळिसावीचा विचार करत होतो.
आणि मला कोणी विचारलं तर? पगार.
शिवाय एक गोष्ट, जी कुठल्याच रकान्यात लिहिणार नाही:
अनोळखी माणसं आपला हात उताणा करून माझ्या हातात देतात,
मला त्याची सवय लागली आहे.
सुट्टीच्या दिवशी हात रिकामे वाटतात.

फेब्रुवारीत पुन्हा तेच गाव. आंबिया बहार फुललेला,
स्पिरिटच्या वासावर मात करून वर्गात शिरलेला.
रांगेत पहिली पंचफुला.
"गोया खाल्ल्या. गूय खाल्ला.
अन् पोरायच्या आंधी जेवलो म्या, तीन महिने.
सासू बोलली तं बोलू देलं."
काहून? मी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं.
"काहून म्हंजे?"
बोट पुढं केलं. भेगांत निळं अजून होतं.

थेंब सोडला.
तो मध्यावर गेला आणि थांबला.
ना खाली, ना वर.
वर्गातला पंखा फिरत होता, कोणीतरी चप्पल घासत होतं.
ती बाटलीकडं बघत नव्हती, माझ्या ओठांकडं बघत होती.
अकरा. बारा.
नियम मला पाठ आहे, नियम तिच्याच भल्याचा आहे,
हेही पाठ आहे.
तेरा.
चौदा.

आणि मी पुढचा आकडा
तोंडात धरून बसलो.