कंपनी कोनी शे

दोंडाईच्यात मिरच्या वाळत पडल्या की
आमच्या गल्लीत सगळे शिंकत बोलतात,
म्हणून आई काय विचारते ते मला दुसऱ्या खेपेला कळलं :
"कंपनी कोनी शे?"

तिच्या हातात आबांची पॉलिसी.
जाड कागद, घडीवर फाटून शिवलेला.
हो, शिवलेला. शिंप्याच्या घरात कागदालाही टाका पडतो.

निंबा तुळशीराम खैरनार, वय अठ्ठावीस.
धंदा : शिवणकाम. वंश : एशियाटिक.
साहेबाच्या कंपनीनं हे सगळं भरून घेतलं
आफ्रिकेतल्या एका बंदरावर. त्या देशाचं नाव
तेव्हा वेगळं होतं, नंतरही एकदा बदललं.
आबा त्याच कंपनीच्या दरवानांचे कोट शिवायचे.
लाल बनात, पितळी बटणं, कोटामागे बावीस.
मालक लंडनला.
त्यांची मापं कधी घ्यावी लागली नाहीत.

मग तिथे स्वातंत्र्य आलं.
सहा दिवस, सहा रात्री आबांनी झेंडे शिवले.
दोन उलटे झाले, त्यातल्या एकाचं माझं झबलं.
कंपनी सरकारनं घेतली.
पॉलिसीवर जांभळा शिक्का बसला :
यापुढे ही संस्था जनतेच्या मालकीची.
दरवान हिरव्या कोटात आले.
आबा सांगायचे, हप्ता भरायला गेलो
तर खिडकीतला पोरगा उठून उभा राहिला,
म्हणाला, मालक, बसा.
जन्मात तेवढं एकदाच.

पुढे जनता म्हणजे कोण, याची यादी झाली.
यादीत खैरनार नव्हते.
मशीनचं मुंडकं गोणपाटात, पाय तिथेच,
बोटीनंतर सुरतेची पॅसेंजर,
आणि नंदुरबार गेल्यावर आईला पहिल्यांदा रडू आलं.
हप्ते इथून चार वर्षं गेले.
मग बँकेनं विचारलं, कशासाठी?
आबांना त्या रकान्यात काय लिहावं ते सुचलं नाही.

ते गेले तेव्हा कानावर खडू होता.
पत्रं मी लिहू लागलो.
दर उत्तराच्या माथ्यावर चिन्ह नवं :
आधी पक्षी, मग ढाल,
मग नुसती एक निळी रेघ, कशाचीही असू शकेल अशी.
सरकारनं निम्मी विकली. त्यातली काही
तिथल्या कामगारांच्या पेन्शन फंडाला,
बाकीची कुठल्याशा बेटावरच्या कंपनीला,
तिची मालक आणखी एक कंपनी,
तिचा पत्ता म्हणजे एक टपालपेटी.
मी खाकी कागदावर खडूनं बेतून पाहिलं.
बाही कुठे जोडायची तेच कळेना.

आणि आता हे पाकीट.
दाव्याची रक्कम जुन्या चलनात होती,
मधल्या काळात त्याची तीन शून्यं कापली गेली,
उरलं ते पाकिटावरच्या तिकिटापेक्षा कमी.
मात्र जुने विमेदार म्हणून वारसांना
अकरा शेअर देण्यात येत आहेत.
कोट्यवधींतले अकरा, मी म्हणालो.
"अकरा," आई म्हणाली.

सोबत अहवाल, चकचकीत, हाताला गार.
चौथ्या पानावर काचेची इमारत,
दारात दरवान, कोट निळा.
आईनं चष्मा पदरानं पुसला,
पान खिडकीशी नेलं,
बाहेरच्या मिरच्यांचा लाल उजेड त्याच्यावर पडला.
बराच वेळ बघत राहिली.
"तिसरं काज वाकडं शे."

सभेला येऊ न शकणाऱ्यांसाठी फॉर्म आहे.
ठराव एक ते सहा, हो किंवा नाही.
खाली : इतर विषय. दोन ओळी मोकळ्या.
काजाला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येतं,
वाकड्यासाठी नेमका शब्द अडलाय.
आई बटणांचा डबा ओतून बसली आहे.
पितळी एकच उरलं होतं.
सापडत नाही.