गाठ मारलेलं पान

पाटाचं पाणी आपल्याकडे मंगळवारी,
दुपारी चारपर्यंत.
म्हणून सोमवारीच तोडते मी फळं.
फक्त लाल, आणि लाल म्हणजे गर्द,
चिमटीत धरताच दाणा सुळकन बाहेर यावा इतकी.
पिवळटाला हात लागला
की बाबा टोपलीवर टिचकी मारायचे.
बोलायचे काही नाहीत.

केळींच्या सावलीत वीस झाडं उरली, न्देशी.
बत्तीस होती.
बाराच्या जागी एलिआमानीचे टोमॅटो आहेत,
काठ्यांना बांधलेले, रांगेत, शाळेसारखे.
बाबा मोशीच्या दवाखान्यात होते तेव्हा
दोन दिवसांत त्यानं झाडं मुळासकट काढली.
मला म्हणाला, "कॉफीच्या पैशात
चहाची साखरसुद्धा येत नाही, ऐकांदे."
खोटं नव्हतं ते.
खोटं असतं तर
भांडून मोकळी झाले असते.

बाबा परतले, काठी टेकत बागेत गेले.
खड्डे मोजले. एकदा उलट्या बाजूनं मोजले.
मग म्हणाले,
"गुडघ्याएवढी ठेवून तिरकी छाटली असती
तर फुटली असती पुन्हा."
एवढंच.
आता ते तिथंच आहेत,
चौदाव्या झाडापाशी,
भोवती इसालेचं कुंपण.

यंत्राचा दांडा फिरवायला सिंदातो येतो,
एलिआमानीचा धाकटा.
सालं एकीकडे, बुळबुळीत दाणे बादलीत,
माश्या सगळीकडे.
पाण्यावर तरंगतात ती पोकळ, त्याला ठाऊक झालंय.
उरलेले रात्रभर आंबतात,
सकाळी हात घालून चोळायचे.
घसरले तर थांबायचं,
वाळूसारखे कुरकुरले तर धुवायचे.
परवा त्यानं एक फळ दातानं फोडलं,
आत एकच दाणा, गोल, वाटाण्यासारखा.
"आत्या, दुसरा कुठं गेला?"
म्हटलं, कधीकधी एकच धरतो,
मग त्याला टेकायला कुणी नसतं,
म्हणून तो चपटा होत नाही.
"मग हा चांगला की वाईट?"
व्यापारी वेगळा काढतात, म्हटलं.
भाव जास्तही देतात कधी.

तोच पोरगा मागच्या रविवारी
उंबऱ्यावर इसालेचं पान ठेवून गेला.
हिरवं, लांब,
मधोमध गाठ.
हे पान आलं की आपल्यात नाही म्हणता येत नाही,
हे तुला मी काय सांगू.
पण हो कसं म्हणायचं
ते कुणी शिकवलंय का आपल्याला?
मी ते डब्यात पाणी घालून उभं केलंय,
मिठाच्या शेजारी.
दहा दिवस झाले, अजून हिरवंच.
भाकरी थापताना पाठ करून बसते त्याच्याकडे.

काल मंगळवार. दाणे धुवून जाळीवर पसरले.
चारला बांध फोडायला गेले,
आपल्यानंतर पाळी त्याची.
इतर वेळी पोराला पाठवतो.
काल स्वतः उभा होता,
पँट गुडघ्यापर्यंत, खांद्यावर कुदळ,
केस कधी पांढरे झाले त्याचे?
मी ढेकूळ सरकवलं. पाणी वळलं.
दोघं बघत राहिलो,
जणू पाणी पहिल्यांदाच उतारावरून जातंय.
"यंदा फळ भरलंय," तो म्हणाला.
"माश्याही," मी म्हटलं.

मग तो घरी आला, न बोलवता.
तुला माहीत आहे, आयुष्यभर कॉफी पिकवली
पण या घरात चुलीवर चहाच असतो.
डब्याकडे त्यानं पाहिलं, नजर काढून घेतली.
कप तोंडाला लावला,
थांबला.
"साखर नाही घातलीस."
"कॉफीच्या पैशात येत नाही," मी म्हटलं.

आधी तोच हसला.
मी उठून साखरेचा डबा काढला,
झाकण गंजलंय, घट्ट बसलंय,
उघडायला त्याच्याच हाती दिला.