हयातीचा दाखला

सीताबर्डीत घेतलेला सेकंडहँड कॅमेरा,
लेन्सच्या कडेला बुरशीचा एक पांढुरका धागा,
आणि रविवार. उमरेड रोडची पावणेसहाची एसटी.
ठरवलं होतं, एका गावाच्या बारा खुणा टिपायच्या,
बँकेच्या कॅलेंडरला साहेबांनी मागितल्या तेवढ्या.

पानठेल्यावर विचारलं, इथं बघण्यासारखं काय आहे?
खर्रा घोटता घोटता तो म्हणाला,
"काऊन? नागपुरातलं सरलं का सारं?"

इथे पत्ता सांगतात
नसलेल्या गोष्टींवरून.
जिनिंगची चिमणी होती ना, तिथून डाव्या हाताला.
पडलेल्या मोहापासून सरळ.
तंबूवाला सिनेमा लावायचा, त्याच्या मागं.
मी वळत गेले.
फ्रेममध्ये दरवेळी
मोबाइलचा टॉवर, बाभळी, एक बकरी.
तीच बकरी.

पूर्वेला टेकडी. जुन्या नकाशात ती नाही,
कोळशाच्या खाणीने उपसलेल्या मातीचा ढीग तो.
त्यावर सुबाभूळ रुजली, पोरांनी माथ्यावर झेंडा रोवला,
आणि आता म्हणतात, जागृत आहे.
नवस बोलून गेलेल्या कोणाचा तरी
हिरवा चुडा खडीत पडला होता.
तो काढला मी. टेकडी मावेना.

शेतात गोल मांडलेले काळे दगड,
कोणाच्या तरी मरणाभोवती, फार फार पूर्वी.
त्यातल्या एकावर परकर वाळत घातलेला.
मी फोकस केला तशी धुऱ्यावरून एक बाई पळत आली,
परकर ओढला, काखेत मारला,
"आता काढा," म्हणाली.
आता नुसता दगड होता.

दुपार चढली. एप्रिलचं ऊन,
कॅमेऱ्याची पाठ भाकरीसारखी तापलेली.
तेव्हा भेटले देवाजी नेवारे,
छोट्या गाडीचे पॉइंट्समन. म्हणजे होते.
"ठेसन काढा ना बाई, ठेसन नाही काढलं?"
चौथरा होता. रूळ उचलून नेलेले.
गिट्टीत उगवलेला तरोटा वाळून खुळखुळत होता.
नावाच्या पाटीवर अक्षरांऐवजी
खिळ्यांची भोकं.

"अन् सिग्नल इथं होता."
कुठं?
"इथं म्हणतो ना."
आणि मला पटेना म्हणून की काय
ते जाऊन उभे राहिले, चप्पल काढून,
पायाने खडे सारून नेमकी जागा शोधली,
उजवा हात आडवा केला.
"हे असं असलं का थांब.
पाखा खाली तिरपा पडला, का जाय."
हसले नाहीत. मीही नाही.

मी गुडघ्यावर बसले. पुढे टोचरी गिट्टी,
मागे पांढरं पडलेलं आभाळ,
मधे बनियनवर शर्टाची दोन बटणं उघडी टाकलेला
एक सिग्नल.
"झालं का?" थांबा, जरा.
"झालं का?"
त्यांचा हात थरथरू लागला.
मी बटण दाबलं आणि त्याच क्षणाला
तो तिरपा खाली आला.

साहेबांनी कॅलेंडरसाठी
बंधाऱ्यावरचा सूर्यास्त निवडला.
तो बंधारा कुठला, मला माहीत नाही.

महिन्याने मी प्रिंट घेऊन गेले.
देवाजींनी तो उजेडाकडे धरला, लांब, मग जवळ,
अंगठ्याने गिट्टी चाचपली.
"पडला माह्या हात."
मी म्हटलं, चुकलं माझं, जरा उशीर झाला.
"नाही. बराबर हाय. लाइन किलियर."

मग घडी न पडेल असा शर्टात सारला,
चार पावलं गेले, परत आले.
"बाई, यातलं तोंडच कापून देता येते का?
पासपोट साईझ.
नोव्हेंबरात पेन्शनवाल्याले द्या लागते,
जिता हाय म्हणून."

देते म्हटलं.
कात्री चालवायची ती खांद्यापाशी,
की हातासकट ठेवायचं,
हे अजून ठरलेलं नाही.